गारी फक्त व्याह्याला

सुमिंत्रा जोखन कुणावर विश्वास ठेवत नाही, हे त्रिनिदादमधल्या पेनालच्या पलीकडल्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. भाजीवाल्याच्या काट्यावर नाही, पंडितजींच्या मुहूर्तावर नाही, आणि शेजारच्या बासमतीवर तर मुळीच नाही. (हो, बासमतीच. तिकडं या नावाच्या बायका गल्लोगल्ली आहेत आणि तांदळावरचे सगळे विनोद त्या शाळेतच ऐकून बसल्यात.) अशा संशयी बाईनं एका सकाळी फोनवरच्या परक्या माणसाला सरळ घरात घेतलं. माझं डोकं फिरतं ते इथंच. लबाडाला लबाड भेटला तर आपण हसतो. पण कडीकुलपं लावून बसलेल्या बाईचं एकच दार ज्याला सापडलं आणि ज्यानं नेमकं त्यातूनच घर लुटलं, त्या माणसाला काय म्हणावं?

सुमिंत्राचं घर इथल्या सगळ्या घरांसारखं खांबांवर उभं. वर राहायचं, खाली काम करायचं. घराखाली एक झोपाळा, एक शिलाईमशीन आणि शाळेच्या गणवेशांचा ढीग. गावातली दोन पिढ्यांची पोरं तिनं घातलेल्या चुण्यांवर बसून शिकली. नवरा उसाचा ट्रक चालवायचा, तो कधीच गेला. मुलगा टोरँटोत. त्यानं पाठवलेला कॉम्प्युटर वर गॅलरीला लागून असलेल्या खोलीत, फुलांच्या छापाच्या कापडाखाली झाकलेला असे. देव्हाऱ्यावरसुद्धा इतकं स्वच्छ कापड नव्हतं.

कारण त्यात गाणी होती. लग्नाआधीच्या शुक्रवारी बायका माती खणायला जातात, ढोलक वाजवतात, नाचतात आणि पुरुषांनी ऐकू नये असलं गातात, त्या मटकोराची गाणी. बाळ जन्मल्यावरची सोहर. व्याह्याच्या अब्रूची लक्तरं काढणाऱ्या गारी. मुलानं पाठवलेलं रेकॉर्डिंगचं यंत्र घेऊन सुमिंत्रा ऐन उन्हात गावोगाव हिंडली होती. दात पडलेल्या, डोळे गेलेल्या म्हाताऱ्यांच्या खाटेजवळ बसून, त्यांचं खोकणं संपायची वाट बघत तिनं ते आवाज धरून आणले. त्या म्हाताऱ्यांपैकी आता एकही उरली नाही.

आणि हे ती कुणालाही देत नसे. त्याला कारण होतं. रमच्या गुत्त्यात गाणाऱ्या एका गवयानं म्हाताऱ्या सुखियाचं सोहर सुमिंत्राकडून गोड बोलून नेलं, त्यात बाटली आणि कंबर घातली आणि कार्निव्हलात ते गाडीगाडीवर वाजलं. सुमिंत्रानं त्याला पेनालच्या बाजारात, वांग्यांच्या ढिगासमोर, कॉलर धरून उभा केला होता. तेव्हापासून गाण्यांना कुलूप. बासमतीनं नातीच्या लग्नासाठी चार गाणी मागितली तर सुमिंत्रा म्हणाली, "गाणं हवं तर मला बोलाव. मेले नाहीये अजून."

"आणि मेलीस म्हणजे?" बासमतीनं विचारलं.

"तेव्हा बघू."

तर त्या सकाळी फोन वाजला. पलीकडचा म्हणाला, मी स्टीव्ह, कॉम्प्युटर कंपनीतून बोलतोय, तुमच्या मशीनमध्ये कीड शिरलीय. एरवी सुमिंत्रानं असल्या माणसाची आई-मावशी एक करून फोन आपटला असता. पण तिचा कान लहानपणापासून फक्त आवाज ऐकण्यावर पोसलेला. हा स्टीव्ह इंग्रजी बोलत होता, पण आवाजाचं वळण जुन्या हिंदी पिक्चरमधल्या माणसांचं होतं.

"स्टीव्ह कसला रे? तू इंडियातला ना?"

मग तो हळूच म्हणाला, "हो, माई."

माई! खलास. पणजोबा उत्तर हिंदुस्थानातल्या बस्ती जिल्ह्यातून ऊसमजूर म्हणून बोटीत बसले, त्यानंतर त्या घराला तिकडून ना चिठ्ठी ना चपाटी. अंगणात पूजेच्या झेंड्या लावायच्या, बापाला बाप आणि आजीला आजी म्हणायचं, आणि ज्या मुलखातून हे सगळं आलं त्यानं तुमचं नावही विचारायचं नाही. आणि आज त्याच मुलखातलं पोर आपणहून फोन करतं, माई म्हणतं! सुमिंत्रानं पदराला हात पुसले. पदर नव्हता, तो शिवता शिवता मांडीवर राहिलेला कुणाचा तरी स्कर्ट होता.

"बस्ती ऐकलंयस का रे?"

"माई, मी तिकडचाच," तो म्हणाला. तिनं जयपूर म्हटलं असतं तर तो जयपूरचाही झाला असता.

पुढचं सगळं त्यानं सांगितलं तसं तिनं केलं. हे दाबा, ते लिहा, इथं हो म्हणा. पडद्यावर लाल फुल्यांची रांग दिसली, ही सगळी कीड, माई. मग बाण आपोआप हलायला लागला, आणि सुमिंत्राला त्याचं कौतुक वाटलं. आणि मग तिनं ते केलं जे पेनालातल्या म्हातारीशिवाय जगात कुणी केलं नसतं. तिनं चोराला तिजोरी दाखवली. वर तिजोरी सांभाळायलाही सांगितली.

"हे बघ बाळा, बाकी काही गेलं तरी चालेल. पण ही गाणी जप हां."

"कसली गाणी, माई?"

तिनं सुखियाचं सोहर लावलं. संपल्यावर तिनं विचारलं, "यात ते ओबरी ओबरी येतं ना, ते काय रे? इथं कुणालाच माहीत नाही. पंडितजींनासुद्धा."

"अंधारी खोली, माई," तो म्हणाला. "घरातली आतली. बाई बाळंत व्हायची तिथं. माझी आजी म्हणते हा शब्द."

साठ वर्षं सुमिंत्रा हा शब्द नुसता तोंडानं गात आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात त्यानं कीड काढायचे पैसे म्हणून बँकेच्या कार्डाचा नंबर मागितला.

इथं मात्र तिच्यातली जुनी सुमिंत्रा जागी झाली. घरच्या माणसासारखा आलेला पोरगा पैसे मागतो? मुलाला विचारून सांगते, ती म्हणाली. आत्ताच द्या, तो म्हणाला. ती म्हणाली, मी कुणाला काहीही आत्ताच देत नाही. मग त्याचा आवाज बदलला. माईची म्हातारी झाली, म्हातारीची शिवी झाली. तिनं त्याला आतड्यापासून शिव्या घातल्या, आणि ती शिव्या घालत असताना पडद्यावर तो बाण शांतपणे गाण्यांपाशी गेला. मग पडदा निळा झाला आणि त्यावर पासवर्डची एक रिकामी चौकट तेवढी उरली.

पेनालातल्या दुकानदारानं कुलूप फोडून दिलं. मशीन चालू झालं. मुलाचे फोटो होते, नातवंडांचे होते, पत्त्यांचा खेळ होता. गाणी नव्हती. चोरानं ती आधी स्वतःकडं ओढून घेतली होती आणि मग इथली अशी पुसली होती की मागे काही राहू नये. दुकानदार म्हणाला, "मावशी, दुसरी प्रत कुठं असेलच ना?"

दुसरी प्रत सुमिंत्रानं कुणालाच काढू दिली नव्हती.

पोलीस ठाण्यातल्या हवालदारानं आधी विचारलं, पैसे गेले का? नाही म्हटल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. "मग सुटलात की आजी!" बँकेतली मुलगी म्हणाली, सुटलात. टोरँटोहून मुलगा म्हणाला, थँक गॉड ममी, पैसे वाचले. देवळात चार जणींनी हेच म्हटलं, आणि पाचवीनं म्हणायच्या आत सुमिंत्रा प्रसाद तसाच टाकून घरी निघून आली. लोकांना म्हणायचं तरी काय असतं? घरातून बारा-पंधरा मेलेल्या बायका उचलून नेल्या आणि हे पर्स तपासतायत!

एकटी बासमती सुटलीस म्हणाली नाही. ती कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, "मला दिली असतीस तर आज असती." सुमिंत्रानं बासमतीशी आठवडाभर अबोला धरला.

पण मटकोराला तिच्याशिवाय कोण गाणार? बासमतीची नात करिश्मा हिचं लग्न रविवारी, त्याच्या आदल्या शुक्रवारी उतरत्या उन्हात बायका बासमतीच्या घराखाली जमल्या. डाळीच्या पिठाच्या फुलोऱ्या तळल्या जात होत्या, आंब्याची चटणी फिरत होती. बासमतीनं ढोलक मांडीवर घेतली होती आणि सुमिंत्रा फुगलेल्या तोंडानं, पण नव्या ओढणीत, तिच्या शेजारी येऊन बसली होती. इतक्यात सुमिंत्राचा फोन वाजला.

"माई, गाणी माझ्याकडं आहेत," तो म्हणाला. आवाज पुन्हा मऊ. दुकानातून पैशाची कार्डं घ्यायची, मागचे आकडे खरवडून त्याला वाचून दाखवायचे, मग गाणी परत.

सुमिंत्रानं फोनचा आवाज मोठा करून तो मधोमध, फुलोऱ्यांच्या परातीशेजारी ठेवला. "हा तो," एवढंच म्हणाली.

बायकांना काय, निमित्तच हवं होतं. बासमतीच्या पंजानं ढोलकीवर थाप मारली आणि गारी सुटली. "स्टीव्ह भावजी, तुमची मिशी कुणी नेली? तुमच्या मावशीनं उशीत भरली! स्टीव्ह भावजी, तुमचे बाबा कुठं गेले? गाढवाचे कान बघून लाजून पळाले!" बायका हसून लोळायला लागल्या. एकीनं कमरेला ओढणी बांधून परातीभोवती असा ठुमका मारला की फोन हलला.

आणि फोनमधून हसू आलं. साधं, मोकळं, पोटातून आलेलं हसू. "वा माई! आमच्याकडं अगदी अशीच गातात. अजून गा ना!"

सुमिंत्रानं ढोलकीवर हात आपटला. "बस!"

"अगं, रंगली होती की!" बासमती म्हणाली.

"गारी कुणाला गातात गं? व्याह्याला. ज्याच्या घरी आपली लेक नांदणार त्याला. हा कोण लागतो आपला? मजा येतेय बघ मेल्याला! मांडवात बसवून मान दिलास तू त्याला." मग ती फोनकडं वळली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि जवळच्या बायका मागं सरकल्या. "ए. तुझी आजी जिवंत आहे?"

फोनमधलं हसू थांबलं.

"ओबरी म्हणणारी आजी. आहे ना? तिला ऐकव ही गाणी. आमची सुखिया ऐकव. आणि तिनं विचारलं, बाळा, या कुठल्या रे बाया, कुठून आणलास हा आवाज, तर खरं सांग. सात समुद्रापलीकडं आपल्याच रक्ताची एक म्हातारी आहे, तिनं मला बाळा म्हटलं आणि मी तिचं घर धुऊन आणलं, असं सांग. मग ती तुझ्या ताटात काय वाढते ते बघ."

"माई, पैसे दिले नाहीत तर पुसून टाकीन."

कढईतल्या फुलोऱ्या जळायला लागल्या. बासमती सुमिंत्राच्या कानाशी लागली, "दे गं. निम्मे मी घालते. गाणी येतील तरी."

सुमिंत्राला त्या म्हाताऱ्या दिसत होत्या, प्रत्येकीची खाट, प्रत्येकीचं खोकणं. "आज देईन," ती बासमतीला म्हणाली, "उद्या हाच पुन्हा माझ्याच बायका मला विकायला येईल." मग फोनमध्ये म्हणाली, "पूस. पण पुसायच्या आधी एकदा सगळी ऐक. तुला कळतात ती. आम्हाला इथं अर्धीसुद्धा कळत नाहीत." आणि फोन बंद केला.

नंतर ती जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. देवाला बोलली, टोरँटोला बोलली, त्या हवालदाराच्या सात पिढ्यांना बोलली, आणि शेवटी स्वतःला बोलली तेव्हा सगळ्यात वाईट बोलली. बायकांनी बोलू दिलं. दम लागल्यावर तिनं करिश्माकडं बघितलं. अंगाला हळद लागलेली ती पोर भिंतीशी चिकटून उभी होती.

"उभी काय? फोन काढ. रेकॉर्ड कर."

"मी? पण तुम्ही तर..."

"लग्न होतंय ना तुझं? वर्षा-दोन वर्षांत सोहर लागेल. कोण गाईल? ही?" तिनं बासमतीकडं हनुवटी उडवली. "हिला फक्त बडवता येतं."

"बडव तर बडव," बासमती म्हणाली आणि तिनं ठेका धरला.

सुमिंत्रानं सुखियाचं सोहर गायला घेतलं. पहिलं कडवं सरळ गेलं, दुसरं गेलं, आणि तिसऱ्याच्या तोंडाशी ती अडली. पुन्हा मागे गेली, पुन्हा अडली. पुढचं कडवं त्या मशीनमध्ये होतं, म्हणून तिनं कधी डोक्यात ठेवलंच नव्हतं. ती ढोलकीवर ओरडली, "थांबू नकोस!" बासमती थांबलीच नव्हती. सुमिंत्रा पहिल्यापासून सुरू झाली, होतं तेवढंच म्हणायला.

दुसऱ्या वेळेला करिश्मा मध्येच म्हणाली, "आजी, ओबरी म्हणजे काय?"

आजवर हे कुणी विचारलं की सुमिंत्रा म्हणायची, गाणं आहे, गायचं, अर्थ काय विचारतेस. आज तिला उत्तर येत होतं.

"अंधारी खोली," ती दातांतून म्हणाली. "आतली. बाई बाळंत व्हायची तिथं."

"अय्या! तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चोरानं," सुमिंत्रा म्हणाली. "लक्षात ठेव. आता म्हण माझ्यामागून."