मेंढ्यांपुढचं भाषण

गावच्या जत्रेतल्या नाटकात राजाचा पार्ट माझाच, हे कित्येक वर्षं ठरलेलं. यंदा मात्र सांगलीच्या डॉक्टरांनी माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, यंत्राकडे बघितलं आणि मग माझ्या बायकोकडे बघितलं. माझ्याकडे कुणीच बघितलं नाही.

"पंधरा दिवसांत बीपी उतरलं नाही, तर स्टेज बंद. जरा निसर्गात राहा. शांत."

आमच्याकडे निसर्ग म्हणजे ऊस, त्याच्या शेजारी ऊस आणि बांधापलीकडे भावकीचा ऊस. तो बघून तर बीपी चढतंच. म्हणून पाचगणीला गेलो. तिथे निसर्गासमोर गाडी लावायला जागा मिळेना, तेव्हा दोघांशी भांडून परत आलो.

आलो तर आमच्या तोडणी झालेल्या रानात माण तालुक्याकडच्या धनगर मावशी मेंढ्यांचा कळप घेऊन उतरलेल्या. दरवर्षी आम्ही त्यांच्या मेंढ्या रानात बसवतो. रानाला खत मिळतं, मावशींना धान्य. उसानं दमलेल्या रानाची मी एवढी काळजी घेतो, पण स्वतःला कुठे बसवावं हे कधी सुचलं नव्हतं. म्हटलं, आता आपणही बसू.

दुपारी बाभळीखाली टेकलो. मेंढ्या उन्हाच्या तडाख्यात एकमेकींच्या पोटाखाली माना घालून उभ्या होत्या. एवढे प्रेक्षक, आणि एकही खोकत नाही! मला राहवेना. उठलो, छाती काढली आणि लढाईवर निघतानाचं भाषण सुरू केलं. "शूर सैनिकहो!" म्हणताच सगळं सैन्य उसात पळालं. तेही भावकीच्या.

मावशी काठी घेऊन पुढे उभ्या. "आवं दादा, येड लागलंय का? दुपारचं कोन वरडतंय? गाभण मेंढरं हायती माजी!"

"तालीम करत होतो, मावशी."

"बसायचं आसंल तर त्यांच्यावानी बसा. मान खाली, त्वांड बंद."

कळप गोळा करायला मला तासभर पळवलं, वर हा उपदेश. पण दुसऱ्या दिवसापासून ऐकला. पहिले तीन दिवस जीभ नुसती वळवळत होती. चौथ्या दिवशी भाकरी खाताना कळलं, की तिला चव असते. पाचव्या दिवशी बसल्या जागी झोप लागली.

पंधरवड्यानं डॉक्टरांनी पुन्हा पट्टा गुंडाळला. या वेळी माझ्याकडे बघितलं.

"उतरलंय की! काय केलंत?"

मी तोंड उघडणार तोच बायको म्हणाली, "काय न्हाई, दुपारचं बोलायचं बंद केलं."

स्टेजची परवानगी मिळाली, पण ओरडायचं नाही या अटीवर. राजानं ओरडायचं नाही! जत्रेत सिंहासनावर बसूनच भाषण सुरू केलं. मागून आरोळी आली, "आवाज वाढवा की राजे!"

सवयीनं छाती फुगली. मग मी माईकवाल्याकडे बघून नुसतं बोट वर केलं. त्यानं खुंटी फिरवली. ते त्याचंच काम होतं. इतकी वर्षं मीच करत होतो.