बस्त्यावकाकांनी तेल लावलेली सायकल

बस्त्यावकाका सायकलच्या दुकानात शिरले आणि त्यांनी पिशवीतून मासळी तोलायचा काटा बाहेर काढला. मी जागच्या जागी गार झालो. दुकानदाराला काही कळायच्या आत त्यांनी एक नवीकोरी सायकल आकड्याला अडकवून उचललीसुद्धा. "ही जड हाय. दुसरी दाखव," ते म्हणाले. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला आणि मी रस्त्याकडे.

काका पाचूबंदरचे आमचे शेजारी, साठी ओलांडलेले, स्वतःच्या होडीचे तांडेल. तरुणपणी मासळीची टोपली सायकलला बांधून त्यांनी सगळी वसई पालथी घातली होती, त्यामुळे सायकलीतलं आपल्याइतकं कोणालाच कळत नाही अशी त्यांची खात्री. मी तेव्हा, ऐंशी सालच्या आसपास, वालीवच्या कारखान्यात नुकताच लागलो होतो. रोज जायला-यायला सायकल हवी होती. त्यातच चर्चच्या तरुण मंडळाने शर्यत ठरवली: आधी समुद्रात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं. याला ट्रायथलॉन म्हणतात हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळलं. मला त्या शर्यतीने झपाटलं होतं.

"दोन सायकली कशाला? तू काय सावकार हायस?" काका म्हणाले. "एकच घ्यायची. तीच रोज कामाला जाईल आनि तीच शर्यतीत धावंल." त्यांनी खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची, सगळ्यात हलकी सायकल निवडली. मला दांडीवर टांग टाकून उभं केलं, पाय जमिनीला टेकतात का ते वाकून पाहिलं. डब्यासाठी कॅरियर बसवून घेतलं आणि शर्यतीच्या दिवशी ते काढायचं, हेही तिथेच ठरवून टाकलं. खरं सांगतो, निवड अचूक होती.

शर्यतीच्या सकाळी मी कॅरियर काढायला काकांकडे ठेवलेली सायकल न्यायला गेलो तर ती उग्र वासाने घमघमत होती. होडीच्या फळ्यांना लावायचं मुशी माशाचं तेल काकांनी पहाटे उठून तिला नखशिखान्त चोपडलं होतं. "तू पान्यात असशील तवर ती खाऱ्या वाऱ्यात उभी रानार. लोखंडाला खारा वारा खातो, पोरा." मी चाकाच्या रिमला बोट लावलं. बोट सटकलं. ब्रेक इथेच धरतो हे मला माहीत होतं, फडकंही हातात होतं. पण काका इतक्या कौतुकाने बघत होते की मी ते खिशात घातलं. वाटलं, बंदरावर गेल्यावर पुसू. तिथे शिट्टी झाली आणि मी पाण्यात उडी मारली.

पाण्यातून मी तिसरा बाहेर आलो आणि सायकल तशीच दामटली. पापडीच्या वळणावर काका शहाळं घेऊन थांबणार होते. ते रस्त्याच्या मधोमध उभे होते, मी थांबणार याची पुरती खात्री असल्यासारखे. मी दोन्ही ब्रेक आवळले. काही झालं नाही. पुन्हा आवळले. काका हलले नाहीत, मी ओरडलोसुद्धा नाही, आणि सरळ त्यांच्या अंगावर गेलो.

भानावर आलो तेव्हा ते आडवे पडले होते आणि त्यांचा पाय नको त्या बाजूला वळला होता. "तुला लागला काय?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. "मंग उठ. पल." मी तिथेच बसून राहिलो.

खुब्याचं हाड मोडलं होतं. काका पुन्हा होडीवर चढले नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत, "त्याचा काय दोस? रिमला तेल मीच लावला. म्हातारा झालो, अक्कल गेली." मी शेजारी मान खाली घालून बसायचो. माझा मलाच धक्का बसायचा, पण तोंड उघडायचं नाही. अशी चार वर्षं गेली.

शेवटच्या आजारात त्यांनी मला बोलावून घेतलं. आवाज अगदी बारीक झाला होता. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "शर्यत तुझी होती रे. मी नासवली. मला माफ कर."

आणि मी म्हणालो, "केलं, काका."