धार नको, लोळ

तात्यांना पातळ कालवणाचा राग यायचा. नावड नव्हे, राग. लग्नाच्या पंगतीत वाढप्यानं पाण्यासारखी आमटी ओतली की ते पत्रावळीवर आडवा हात धरायचे आणि शांतपणे विचारायचे, "बाबा, ह्यात जेवायचं का पवायचं?" वाढपी ओशाळायचा, शेजारचे हसायचे, तात्या मात्र हसायचे नाहीत. उपाशी उठलेलं त्यांना चालायचं, पण भाकरी कुस्करल्यावर ताटात पळणारं कालवण चालायचं नाही.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. ईट गावापासून थोडं आत आमची वस्ती. दोन घरं, मधे एकच अंगण. एका घरात आम्ही, दुसऱ्यात तात्या आणि काकू. त्यांना मूलबाळ नव्हतं, शेळ्या होत्या. तात्या दिवसभर शेळ्यांमागं माळावर असायचे आणि घर सगळं काकूंचं. पाण्याचा तांब्यासुद्धा तात्या हातानं भरून घ्यायचे नाहीत. एक कालवण मात्र त्यांचं होतं. शेळीच्या खुरांचं, पावटा घातलेलं. ते शिजायचं त्या दिवशी काकूंनी चुलीपुढं यायचं नाही, असा त्यांचा नियम होता.

बाजारच्या दिवशी खाटकाकडून खुरं आणायची. तुराट्यांच्या जाळावर केस जळेपर्यंत भाजायची, विळ्यानं खरवडायची, हळद लावून धुवायची. त्या भाजण्याचा धुरकट वास कालवणात उतरायचा आणि तात्यांना तोच हवा असायचा. सकाळी पातेलं चढलं की दिवस कलेपर्यंत मंद जाळ. हाडातला चिकटपणा पाण्यात उतरला की भिजवलेला पावटा पडायचा. तो शिजला की त्यातला अर्धा पळीच्या पाठीनं पातेल्याच्या कडेला रगडायचा, म्हणजे रस्सा सायीसारखा मऊ व्हायचा. मग भाजलेला कांदा, खोबरं, लसूण, काळं तिखट आणि अगदी शेवटी येसर. धान्य, डाळी आणि मसाला भाजून दळलेलं ते पीठ आमच्याकडं घरोघरी असतं, थोडं टाकलं की आमटीला अंग येतं. तात्या थोडं टाकायचे नाहीत, मूठ टाकायचे. मग पळी वर उचलून तिरकी करून बघायचे. "धार पडली की इस्कटलं. लोळ पडला पायजे," म्हणायचे. रस्सा पळीतनं सावकाश, थबकत, लोळासारखा पडला की दिवसभरात पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल व्हायचा.

काकू तोवर उंबऱ्यात बसून टोमणे मारत असायच्या. बोटावर मिश्री, तोंडात हसू. "वरीसभर म्या भाकरी थापती, कोण इचारीत न्हाय. ह्येंनी येक पातेलं चढिवलं की समद्या शिवारात डंका." तात्या पळी हलवत राहायचे. पहिली वाटी मात्र काकूंनाच भरायचे, त्यातही नळीचं हाड बघून, आणि त्या पहिला घोट घेईपर्यंत समोर उभे राहायचे. काकू मुद्दाम वेळ लावायच्या. चव घेऊन इकडंतिकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "हाय बरं." त्या दोन शब्दांसाठी तो माणूस सकाळपासून धुरात बसलेला असायचा. त्या दोघांचं प्रेम म्हणून मी जे काही पाहिलं ते एवढंच. मला ते पुरेसं वाटायचं.

वस्तीवर कुणाचं हाड मोडलं, कुणी बाळंत झाली, कुणी दवाखान्यातून वाळून परत आलं, की तात्या न सांगता खुरं आणायचे. झाकलेलं भगुणं त्या घरी नेऊन ठेवायचे आणि चहासुद्धा न घेता परत यायचे. "मानूस आतनं भरला पायजे, वरनं किती बी पट्ट्या बांधा," असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांच्या लेखी जगात दुखणं एकच होतं, माणूस रिकामा होणं. आणि त्यावर त्यांच्याकडं औषध होतं. इतकी साधी खात्री मी पुढं कुणाजवळ पाहिली नाही, शिकलेल्यांजवळ तर नाहीच.

मी धाराशिवला कॉलेजला होते तेव्हा ते एसटीनं डबा घेऊन यायचे. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, हे मी आजही मान वर करूनच सांगते. वसतिगृहाच्या फाटकाशी पटका बांधलेले तात्या उभे दिसले की खोलीतल्या मुली आधी हसायच्या आणि मग वाट्या शोधायच्या. डबा येईपर्यंत कालवण इतकं आळलेलं असायचं की उपडा केला तरी पडायचं नाही. चमच्यानं वडीसारखं कापून, पाणी घालून स्टोव्हवर गरम करावं लागायचं. "शिकायला बी हाडं लागत्यात माय," तात्या म्हणायचे. निकाल लागला तेव्हा पेढे द्यायला ते सगळ्यात आधी खाटकाकडं गेले. त्याचाही ह्यात वाटा आहे, असं त्यांचं ठाम मत होतं.

काकूंना भाकरी अडकायला लागली तेव्हा मी भूमला नोकरीला लागले होते. सुरुवातीला त्या भाकरी कालवणात भिजवून खायच्या आणि कुणाला कळू द्यायच्या नाहीत. मग भिजवलेलीही नकोशी झाली. काकू रोडावल्या तसे तात्या दर बाजारला खुरं आणायला लागले. येसर मुठीवरनं दीड मूठ झालं. एका संध्याकाळी मी अंगणात असताना काकूंनी पहिला घोट घेतला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पावटा टोचतोय." तात्यांनी पातेलं पुन्हा चुलीवर चढवलं आणि होता नव्हता तो सगळा पावटा रगडला. पुन्हा वाटी दिली. काकू म्हणाल्या, "टोचतोय." सायीसारखा मऊ रस्सा एखाद्याला टोचतो म्हटल्यावर मी काकूंना दवाखान्यात न्यायचं ठरवलं.

धाराशिवला दाखवलं, तिथून सोलापूरला पाठवलं. तपासण्यांचे कागद मीच वाचले. अन्ननलिकेचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टरांनी काय शक्य नाही तेच जास्त सांगितलं. मी आडपडदा ठेवणारी नाही. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली तात्यांना बसवलं आणि सरळ सांगितलं की काकू ह्यातून उठणार नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पावटा चालंल का, तेवढं इचार." मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "आयकलं माय. पर पावट्याचं इचार."

काकूंच्या नाकातून पोटापर्यंत नळी घातली आणि आम्हाला घरी पाठवलं. जाताना सिस्टरनं पिचकारीनं कसं भरवायचं ते दाखवलं. तोंडानं काही द्यायचं नाही, नळीतून फक्त पातळ, गाळलेलं. तात्यांनी विचारलं, किती पातळ. ती म्हणाली, पाण्यासारखं. तात्या तिच्याकडं असे बघत राहिले, जणू तिनं त्यांना काही वाईट कृत्य करायला सांगितलं होतं.

घरी आल्यावर माझी आई दूध आणि डाळीचं पाणी नळीतून द्यायची. तात्या दोन दिवस बघत बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खुरं आणली. सगळं नेहमीसारखं केलं, पावटा गंधासारखा वाटला, आपल्या जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळला, पुन्हा गाळला. आई सांगते, गरम असताना ते खरंच पातळ दिसत होतं. पण येसर त्यांनी घातलं होतं. येसराशिवाय कालवण ही गोष्टच त्यांच्या डोक्यात बसत नव्हती. आणि येसर निवताना आळतं, हे ज्याच्या डब्यानं मला पदवीपर्यंत पोचवलं त्या माणसाला मी कसं सांगणार होते? मी तर तिथं नव्हतेही. दोन पिचकाऱ्या गेल्या, तिसरी जाईना. नळीतच कालवणाचा लोळ होऊन बसला होता.

जीपमध्ये घालून काकूंना धाराशिवला नेलं, मी भूमहून तिथं पोचले. जुनी नळी काढली, नवी घातली. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नाकातून रक्त. सिस्टर चिडली, आणि तिचं चिडणं बरोबर होतं. असलं घट्ट कुणी घालतं का, विचारायला लागली. तात्या पलंगाच्या पायथ्याशी पटका हातात घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. परत येताना मात्र ते जीपमध्ये मागं, एकटे बसले.

त्यानंतर दर बाजारला कालवणातून एकेक गोष्ट कमी होत गेली. आधी येसर गेलं. मग खोबरं, मग तिखट, मग पावटा. उरलं ते खुरांचं पाणी. फडक्यातून गाळून ते पितळीत घ्यायचे आणि उजेडात तिरकं करून बघायचे की तळ दिसतो का. ताटातल्या पाण्यासारख्या आमटीवर हात धरणारा हा माणूस, आता तळ दिसला की मान हलवायचा. मी शनिवार-रविवारी वस्तीवर जायचे तेव्हा हे बघायचे. मी शिकलेली, कागद वाचता येणारी, मला फक्त पुढं काय होणार ते त्यांच्या आधी कळायचं. त्या कळण्याचा काडीचा उपयोग नव्हता.

एकदा पिचकारी देताना त्यांनी काकूंना विचारलं, लागतंय का काही. काकूंचा आवाज तोवर वाऱ्यासारखा झाला होता. "चव न्हाय लागत. ऊब लागती," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "येकदा जिभंवर ठिवा. मरायची ती मरनारच की."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. तोंडानं काही द्यायचं नाही हे मीच त्यांना बजावलं होतं. मी मान हलवली, हो म्हणून. मग त्या दिवशी वस्तीवर पुन्हा तुराट्यांचा धूर झाला. पावटा, खोबरं, काळं तिखट, येसर, काही सोडलं नाही. तात्यांनी बोटाच्या टोकावर घेतलं आणि काकूंच्या जिभेवर ठेवलं. काकूंनी डोळे मिटले. कितीतरी वेळ त्यांनी ते तोंडात धरून ठेवलं. तात्या उभे होते, पूर्वी उभे राहायचे तसेच. मग आईनं फडकं धरलं आणि काकूंनी ते सगळं फडक्यात सोडलं. चव घेतली होती, गिळता येत नव्हतं. त्या तात्यांकडं बघून म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

तात्या बाहेर जाऊन गोठ्याच्या खांबाला टेकून बसले. त्यांच्या कालवणात मीठ कधी कमी पडलं नव्हतं. त्या दिवशीही नव्हतं, मी चाखून पाहिलं. काकूंच्या जिभेची चवच गेली होती. हे मी त्यांना सांगितलं, पण ते आपलं एकच म्हणत राहिले, "म्या मीठच इसरलो."

काकू पुढच्या बाजारापर्यंत राहिल्या नाहीत.

दहावं-तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि तात्यांचं जेवण सुटलं. उपास धरला म्हणून नव्हे. ताटावर बसायचे, भाकरीचा तुकडा मोडायचे, तोंडात घोळवत राहायचे आणि उठून बाहेर जाऊन टाकायचे. "गिळत न्हाय," म्हणायचे. आईनं भाकरी दुधात कुस्करून दिली, मग भात दिला, मग भाताची पेज. त्यांनी ती पेज फडक्यातून गाळून मागितली. आई माझ्याकडं बघायला लागली.

त्या वर्षीच्या थंडीतच तात्या गेले. पण त्यांच्या जाण्यापेक्षा मला आमची धाराशिवची फेरी जास्त आठवते. मी त्यांना ओळखीच्या डॉक्टरांकडं नेलं. घशातून दुर्बीण घालून तपासलं. डॉक्टर म्हणाले, कुठंही काही नाही, मन थाऱ्यावर नाही, वेळ द्या. रिपोर्ट घेऊन आम्ही एसटीत बसलो. गाडी धाराशिवच्या बाहेर पडली तसं तात्या म्हणाले, "वाच."

मी वाचला. घसा व्यवस्थित, अन्ननलिका व्यवस्थित, जठर व्यवस्थित.

"विंग्रजी समदं येतंय नव्हं तुला?"

"येतं, तात्या."

"मंग नीट बघ. तिच्या कागदात व्हतं तसं कायतरी आसंल."

मी पुन्हा वाचला. एकेक शब्द मराठी करून, बोट ठेवून, शाळेतल्या पोराला सांगावं तसा. ते माझ्या बोटाकडं बघत होते. कागद संपला तरी बघत होते. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की ह्या कागदावर नाही ते वाचून दाखवावं. पण मला ते जमलं नाही. मी म्हणाले, "काहीच नाही, तात्या. तुम्ही धडधाकट आहात."

त्यांनी तोंड खिडकीकडं केलं. बाहेर उघडा माळ चालला होता, दूरवर शेळ्या पसरल्या होत्या.

"मंग हे लई दिस चालायचं," तात्या म्हणाले.