आम्ही वादळ बघायला गेलो होतो

वहिनीचा फोन आला तेव्हा मी वाशीला भाजी घेत होते. "हे उठत नाहीत गं," एवढंच ती म्हणाली. मी कोपरखैरण्याला पोचले तोवर सगळं संपलं होतं. माझा दादा, सतीश, झोपेतच गेला. आता काही आठवडे झाले. भेटायला येणारे त्याच्या हसण्याबद्दल, गावकीतल्या धावपळीबद्दल बोलतात. मला मात्र मे महिन्यातला एकच दिवस आठवत राहतो... आणि मान खाली जाते.

दादाला ढगांचं वेड. महाप्याच्या कंपनीत मशीनवर काम करायचा, सुट्टीत मोबाईलवर रडारची चित्रं बघत बसायचा. इथे इमारती आड येतात, वळवाचं वादळ बघावं तर सोलापूरकडच्या माळावर, असं त्याचं म्हणणं. काही वर्षांपूर्वी एका पहाटे त्याने मला उठवलं. "चल गो, आज तिकडं आबाल फुटनार हाय. टेन्शन नको घेव."

दुपारी टेंभुर्णीच्या पुढे तो ढग दिसला. खाली काळा नि सपाट, वर ऐरणीसारखा पसरलेला. मी रडार बघून रस्ता सांगायचे, दादा गाडी वळवायचा. शेवटी एका उघड्या माळावर गाठलंच. टपावर गारा ताडताड आपटत होत्या, समोर विजा सरळ जमिनीत उतरत होत्या, आणि काचा बंद करून आम्ही दोघं ओरडत होतो. "अजून एक! मार, मार!" दादा स्टिअरिंगवर थापा मारत होता. मीही टाळ्या पिटत होते.

पाऊस ओसरल्यावर त्याच दिशेला गेलो. एका लिंबाखाली मेंढरं मरून पडली होती, एकमेकांच्या अंगावर. शेजारी एक धनगरीण चिंब भिजून बसली होती. दादाच्या गळ्यातला कॅमेरा बघून ती उठली, पदर सारखा केला. "पंचनाम्याला आलासा व्हय, सायेब?"

"नाय मावशी... आमी बघायला आलतो."

"काय बघायला?"

वाचलेली मेंढरं उधळली होती, तिचा नवरा त्यांच्यामागे गेला होता. दादाने कॅमेरा गाडीत टाकला. अंधार पडेपर्यंत आम्ही चिखलातून मेंढरं हाकत आणली. निघताना ठकूबाईने, तिचं नाव नि फोन नंबर तेव्हाच मिळाले, हात जोडले. "आमच्यापायी तुमचा दिस वाया गेला, बाबा."

परतताना घाटात दादाने गाडी हळू केली. मग म्हणाला, "आपन वरडत व्हतो गो, तवाच मेली असतील ती."

"वीज काय आपण पाडली?" मी म्हटलं.

"नाय पाडली. पन लाज वाटते ना."

त्यानंतर तो वादळामागे गेला नाही. रडार बघायचा, पण ठकूबाईसाठी. तिच्या बाजूला ढग वाढला की फोन लावायचा, "मावशी, मेंढरं झाडाखाली नको थांबवू." ती कुठल्या गावच्या शिवारात आहे, हे त्याला आमच्या पत्त्यांपेक्षा नीट ठाऊक असायचं.

परवा त्याचा फोन वाजला. ठकूबाईचं नाव बघून वहिनीने माझ्याकडे दिला. "दादा, आभाळ लई भरलंया, इकडं येतंय का वो?" दादा गेला हे नंतर सांगू, म्हटलं. रडार उघडलं. लाल पट्टा तिच्याकडेच सरकत होता. "मावशी, मी त्याची बहीण. मेंढरं झाडापासून लांब काढा, लगेच."

तिने ती काढली. संध्याकाळी पुन्हा फोन केला, "दादाला सांग, समदी नीट हायती."

"सांगते," मी म्हटलं.

दादाचा फोन आता माझ्या पर्समध्ये असतो. तिला खरं सांगायला हवं. वळीव सरला की सांगेन, असं ठरवते... आणि सकाळी उठल्या उठल्या फोन चार्जिंगला लावते.