बाटलीतली कालवं

जेवायला बसण्याआधी ती स्वतःची बोटं हुंगायची. राखेने धुवायची, चिंचेने चोळायची, पुन्हा हुंगायची आणि मला विचारायची, "वहिनी, येतो का हो अजून वास?" मी नाही म्हणायचे. वास यायचाच. दिवसभर खडकांवरची, शिंपल्यांतली कालवं गोळा करणाऱ्या हातांना दुसरा कसला वास येणार?

पण ती खाणारी नव्हती. पुण्याच्या शाकाहारी घरातली कॉलेजातली मुलगी. तारापूरला विजेचं मोठं केंद्र बांधायला घेतलं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. तिच्या कॉलेजातून मुलांना शिकाऊ म्हणून आमच्या किनाऱ्यावर पाठवायचे. ओहोटीला खडकांवर काय काय जगतं ते बघायचं, लिहायचं, थोडं थोडं, सडू नये म्हणून औषध घातलेल्या बाटल्यांत भरून बोईसरहून गाडीने पाठवायचं. मुलगी मात्र पहिल्यांदाच आली होती.

"मी पावसाळ्यापर्यंत टिकले, तर पुढच्या वर्षी बाकीच्या मुलींनाही पाठवतील," तिने आल्या आल्या सांगितलं. "नाही टिकले, तर सर म्हणतील, बघा, मुलींना नाही झेपत."

सासूबाईंनी तिला पडवीतली खोली दिली. मी तिच्यापुरतं वरण-भात वेगळ्या पातेल्यात शिजवायचे. मी मुळात न बोलणारी. चौथीत शाळा सुटली, त्यामुळे शिकलेल्या माणसासमोर शब्द घशातच राहायचा. तिला त्याचं काही नव्हतं. ती प्रश्न विचारायची आणि मी गप्प राहिले की उत्तरही स्वतःच देऊन टाकायची.

एकदा मात्र मी धीर करून विचारलं, हे सगळं कशासाठी?

"आधी कसं होतं ते कुणाला तरी ठाऊक हवं ना, वहिनी. नाहीतर उद्या काही बदललं, तर ते बदललं हे तरी कशावरून म्हणायचं?"

हे वाक्य तिने तलाठ्याला ऐकवलं, एसटीच्या कंडक्टरला ऐकवलं. बाटल्यांची दोरी चघळणाऱ्या आमच्या शेळीलाही ऐकवलं.

खडकांवर तुम्ही तिला पाहिलं असतं, तर हसला असता. साडी खोचलेली, गळ्यात पिशवी, चार पावलांत दोनदा घसरणार. कालवं काढणाऱ्या बायका हसायच्याच. त्यांतली म्हातारी हिराबाय म्हणायची, "हळू गे पोरी. पडलीस तर बाटल्या आमी उचलू, तुला कोण उचलंल?" आणि दंड धरून तीच उचलायची.

हिराबाय कालवं फोडून बोईसरच्या बाजारात वाटे लावायची. तिथे आता घाटावरची, परप्रांतातली कामगार माणसं आली होती, विक्री चांगली व्हायची. एका आठवड्यात ती विक्री थांबली. स्टेशनवर कुणीतरी बाटल्या पाहिल्या होत्या. औषधात बुडवलेली पांढरी पडलेली कालवं. तेवढं पुरलं.

हिराबाय भरली पाटी घेऊन आमच्या अंगणात आली.

"लोकं बोलतात, कालवांना रोग हाय, म्हनून सरकार बाटलीत घालून तपासतंय. आता ही पाटी मी कुनाच्या घशात घालू?"

"रोग नाही हो, मावशी. चांगली आहेत."

"चांगली हायत, तर तू का नाय खात?"

"मी मासळीच खात नाही."

"ते आमाला ठाव हाय. बाजाराला ठाव हाय?"

त्या संध्याकाळी मुलगी जेवली नाही. सकाळी म्हणाली, "वहिनी, माझ्याबरोबर बोईसरला येता?" सासूबाईंशिवाय मी कधी बाजार पाहिला नव्हता. तरी गेले.

ती हिराबायच्या शेजारी जमिनीवर बसली. गिऱ्हाईक थबकायचं, बघायचं, पुढे जायचं. एक कामगार दुसऱ्याला म्हणाला, "मत ले. बीमारी है इसमें. सरकारी जाँच चल रही है."

ती उठून उभी राहिली. "जाँच करनेवाली मैं ही हूँ," म्हणाली. वाकून वाट्यातलं एक कालव उचललं आणि तोंडात टाकलं. मग दुसरं. हिराबाय हळूच म्हणाली, "बस झालं, बाय." तिने तिसरं खाल्लं.

"अरे, सरकार ने तो खा लिया," कुणीतरी म्हणालं. माणसं हसली. आणि एकाने दोन वाटे घेतले.

तिने माझा हात धरला. घाई न करता, बाजारात फिरत असल्यासारखी, मला एसटी स्टँडच्या भिंतीमागे घेऊन गेली आणि तिथे भडाभडा ओकली. मी पदर पसरून आडोसा केला. एक माणूस तिकडेच येत होता, त्याला मी दरडावलं, "तिकडनं जा." परक्या पुरुषाशी इतक्या मोठ्यानं मी तोवर कधी बोलले नव्हते.

"कुणी पाहिलं?" तिने विचारलं.

"नाही."

ओकताना कुणी पाहिलं नव्हतं, ते खरंच. पण खाताना पाहिलं होतं. केंद्राच्या कामावर आलेलं, तिच्या घरच्यांच्या ओळखीचं एक कुटुंब बाजारात होतं. तिच्या बाटल्या पोचायच्या आत बातमी पुण्याला पोचली.

वडील आले. रागावणारे असते तर बरं झालं असतं. ओटीवर बसले, पाण्याला "आत्ताच घेतलंय" म्हणाले आणि तिला म्हणाले, "बाळ, सामान बांध."

"बाबा, माझं काम व्हायचंय अजून."

"ताईच्या सासरच्यांच्या कानावर गेलंय. भर बाजारात बसून कालवं खाल्लीस म्हणे."

"चांगली होती ती. लोक घेत नव्हते."

"असतील चांगली. ती तूच का खायला हवी होतीस?"

ती उठली. मग आत जाऊन सामान बांधू लागली. रिकाम्या बाटल्या एकेक करून कागदात गुंडाळल्या, जणू त्या भरायच्याच होत्या.

संध्याकाळी हिराबाय रिकामी पाटी घेऊन दारात आली. चेहरा खुशीत होता. "पोरगी कुठं हाय?" तिने विचारलं. मी नुसतं रस्त्याकडे पाहिलं. ती तिथेच पायरीवर बसली.

पुढच्या वर्षी एक मुलगा आला. चांगला होता, नम्र होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, "वहिनी, तुमच्याकडची कालवं फार छान असतात म्हणे." मी कालवण केलं. त्याने बोटं चाटत खाल्लं.

वाढता वाढता मी विचारलं, "तुमच्या कॉलेजात मुली नाहीत का?"

"आहेत की. पण त्यांना इकडचं झेपत नाही, सर म्हणतात. गेल्या वर्षी एक आली होती, ती मध्येच सोडून गेली."

"सोडून नाही गेली," मी म्हणाले. "नेली तिला."

"हो का?" तो म्हणाला आणि त्याने ताट पुढे केलं. कालवण त्याला फार आवडलं होतं.