नाव घातलेले डबे

पाटणकर बाजारात माझं भांड्यांचं दुकान आहे. भांडं घेतलं की त्यावर गिऱ्हाइकाचं नाव घालून देतो. दर अक्षरामागे ठरलेला. महामारी आली त्या वर्षी, लग्नसराईच्या तोंडावर, आमच्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांनी मुलीच्या लग्नात वाटायला स्टीलचे तीनशे डबे सांगितले. डब्यावर ‘सप्रेम भेट’ आणि खाली आडनाव घालायचं होतं. मास्तर गणिताचे. पाच अक्षरं गुणिले तीनशे, असं त्यांनी मनातल्या मनात केलं आणि म्हणाले, नुसतं आडनाव घाला, भेट आहे हे लोकांना कळतंच. मला हिशेब पटला.

तीनशेव्या डब्यावर नाव घातलं आणि बाजार बंद झाला.

उघडला तोवर लग्न पुढे गेलं होतं. मग आणखी पुढे गेलं. माझं होतं नव्हतं ते भांडवल त्या डब्यांत, आणि नाव घातलेल्या डब्याला जगात एकच गिऱ्हाईक असतं. त्यात गाळ्याच्या मालकाचा निरोप आला: थकलेलं भाडं महिनाअखेर मिळालं नाही, तर गाळा मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला देईन.

अखेर लग्नाला त्याच महिन्यातली तारीख मिळाली. मास्तर तोंडाला गमछा बांधून दुकानात आले. परवानगी पन्नास माणसांची, म्हणून डबेही पन्नासच नेईन म्हणाले. मास्कमुळे माझा चेहरा त्यांना दिसला नाही, ते बरंच झालं.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. ती म्हणाली, सरकार माणसं मोजतंय, लाडू नाही. ज्यांना बोलावता येत नाही त्यांच्या घरी डब्यातून लाडू पाठवायला सांगा. मास्तरांना हे एकदम पसंत पडलं. ते तीनशेच्या तीनशे डबे घेऊन गेले. निम्मे पैसे आधी दिले होते, उरलेले लग्नानंतर देतो म्हणाले.

लग्न झालं. आठवड्याभराने दुकानासमोर ई-रिक्षा थांबली. आत मास्तर, आणि मास्तरांच्या अंगाखांद्यावर डबे. घरोघर पाठवलेल्या अडीचशेपैकी दोनशे एकवीस परत आले होते. आपल्या लोकांत दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं घरात ठेवून घेत नाहीत. सगळ्यांनी लाडू खाल्ले, डबा लख्ख घासला आणि पोचता केला. माझ्या डोळ्यांपुढे माझ्याच खुंट्यांवर मोबाइलची कव्हरं लटकू लागली.

“परत घेता येणार नाहीत, मास्तर,” मी म्हणालो. “तुमचं नाव आहे त्यांच्यावर.”

“परत कोण देतंय? पहिले हा उघडून तर बघा.”

डब्यात गच्च मखाणे होते. परक्याचा डबा रिकामा पाठवायचा नाही, हाही आपल्यातलाच नियम. दोनशे एकवीस घरांतून साखर, पोहे, शेंगदाणे, शेवया असं काय काय आलं होतं. मास्तरीणबाईंची सगळी पिंपं भरली, तेव्हा त्यांनी पोहे बादलीत ओतले. सहा महिने किराणा आणायचा नाही, अशी मास्तरांना ताकीद होती. त्यांनी माझे उरलेले पैसे गल्ल्यावर मोजून ठेवले.

“आता यांच्यावर ‘सप्रेम भेट’ घाला. अक्षरांचे वेगळे देतो. पुन्हा वाटून टाकतो.”

“तेव्हाच घातलं असतं तर हा खर्च एकदाच झाला असता.”

“आणि पोहे कुठून आले असते?”

मी पहिला डबा पुढ्यात ओढला. भाडं महिनाअखेरच्या आत पोचलं आणि पुढचे कितीतरी दिवस नाव घालायचं मशीन थंड झालं नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर बायकोला विचारलं, आपल्याकडे लाडवांचा डबा आला होता तो कुठे आहे? तिने तो चिवडा भरून केव्हाच परत केला होता. मी म्हणालो, अगं, मीच विकलेला डबा तो, भेट आहे हे तुला तरी ठाऊक होतं.

“दुकान तुमचं असेल,” ती म्हणाली. “नाव त्यांचं होतं.”