एका मुगावर दोन अंडी

आमच्या किराणा दुकानात एका शब्दाला बंदी होती. दुकान ‘बंद करा’ म्हणायचं नाही, ‘वाढवा’ म्हणायचं, हे तर सगळेच दुकानदार पाळतात. पण आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ‘भुंगा’ या शब्दालाही बंदी घातली होती. अमक्याच्या मुगाला भुंगा लागलाय, एवढं एकदा पाटोद्याच्या बाजारात पसरलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलंच म्हणून समजा. त्यामुळे कडधान्य किडलं की आमच्याकडे फक्त “माल उन्हात टाकायचाय” एवढंच म्हणत.

आणि त्याच दुकानामागच्या खोलीत, मी अकरावीत असताना, माझ्या पलंगाखाली काचेच्या बरणीत भुंगे नांदत होते. मी पाळलेले.

त्याचं असं झालं. जीवशास्त्राच्या सरांनी वर्गात विचारलं, ऑलिम्पियाड नावाची देशभरची परीक्षा असते, कोणी बसणार का? बाकीच्यांना डॉक्टरकीच्या ‘नीट’ परीक्षेच्या तयारीतून मान वर काढायला सवड नव्हती. माझा हात मात्र वर गेला. सरांनी जुन्या प्रश्नपत्रिका दिल्या आणि त्या बघून मी नाचायचीच बाकी राहिले. पाठांतराचं काही नव्हतंच! नुसतं डोकं लढवायचं. एका प्रश्नात तर चक्क आमचं दुकान होतं. मुगाच्या एका दाण्यावर भुंग्यानं दोन अंडी घातली, तर दाण्यातून किती भुंगे बाहेर येतील, आणि का?

सर म्हणाले, “वाचून काढ, नाहीतर बघून काढ.” मोबाइलवर शोधलं असतं तर कुठेतरी सापडलंही असतं. पण बघायची गोष्ट घरात असताना वाचत कोण बसतं?

अडचण एवढीच, की अण्णांच्या दुकानात भुंगा मिळणं मुश्कील. मी पोत्यांमागे, फळ्यांखाली शोधलं. शेवटी कोपऱ्यातल्या जुन्या पोत्याच्या तळाशी मुगाच्या चार-दोन मुठी सापडल्या. त्यात तपकिरी ठिपके तुरुतुरु चालत होते. सगळं बरणीत भरलं. किडलेला मूग बघून एवढा आनंद झालेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच.

सरांनी दिलेल्या भिंगातून बघायचा मला नादच लागला. मादी दाण्यावर चढायची, फिरून सगळा दाणा तपासायची आणि मग एक पांढरा ठिपका चिकटवून पुढच्या दाण्याकडे निघायची. बाजारात भाजी निवडणारी बाईही इतकी चिकित्सा करत नाही. दोन-दोन ठिपके असलेले दाणे मी निवडले, आईच्या जुन्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्यांत एकेक ठेवला, वर मलमलचं फडकं आणि रबर, आणि डबा बरणीशेजारी सरकवला. आईला डबा कशाला हवा ते सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, कारण तिला वाटलं मी रांगोळीचे रंग ठेवणार आहे.

चोरी उघडी पडली ती अण्णा पलंगाखालचा वजनकाटा काढायला आले तेव्हा. बरणी हातात घेऊन ते बघतच राहिले.

“हे काय हाय?” आवाज अगदी खाली. अण्णा खरे चिडले की आवाज खाली जातो.

“अण्णा, ते अभ्यासाचं...”

“मी जन्मभर ह्यांला मारायलोय आन् तू घरात पाळायलीस? बाजारात कळलं तर काय तोंड दाखवू? फेक आदी. परीक्षा न्हाई आन् बीड बी न्हाई!”

परीक्षा बीडला होती आणि मला न्यायचं त्यांनीच कबूल केलं होतं. माझंही डोकं फिरलं. मी म्हणाले, “फेकते. पण एकदा बघा तरी. जन्मभर मारलं म्हणता, कधी बघितलंय का?” आणि भिंग त्यांच्या हातात कोंबलं.

मला वाटलं आता ते भिंगही जाणार. पण अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एका वाटीवर वाकले. बाहेर एक गिऱ्हाईक हाका मारून मारून निघून गेलं.

“हे पांढरं म्हंजे अंडं व्हय? मी तर पावडर समजायचो.” मग म्हणाले, “दोन हायत. दोन निघत्याल का?”

“तेच तर बघायचंय!”

अण्णांनी वाटी खाली ठेवली. “बरं. निघू दे. मग बीडचं बघू. पण दुकानात शब्द काढायचा न्हाई.”

म्हणजे माझी परीक्षा आता एका मुगावर येऊन ठेपली. बरणी त्यांनी उन्हात मोकळी करायला लावली, मसाल्याचा डबा तेवढा राहिला. परीक्षा जवळ येत चालली होती आणि दाणे ढिम्म. मी पेशी, हृदय, वनस्पती सगळं वाचत होते, पण अर्धं लक्ष त्या डब्यात. अण्णा गिऱ्हाईक असलं की नुसत्या भुवया उडवून विचारायचे आणि मी मान हलवून नाही सांगायचे. एके दिवशी दाण्याच्या सालीखाली गोल काळसर खिडकी दिसली, भुंगा बाहेर पडायची जागा. एकच! मी उडी मारली. अण्णा म्हणाले, “घाई करू नको. दुसरा झोपला आसंल.”

परीक्षेच्या आधीचा आठवडी बाजार आला. खेड्यापाड्यातनं माणसं आलेली, दुकान तुडुंब. मी पुड्या बांधत होते. अण्णा साखर आणायला आत गेले ते येईनातच. आणि मग आतून आरोळी आली, “निघाला! निघाला! एकच निघाला!”

अण्णा वाटी घेऊन थेट दुकानात आले. “पोरी, दाणा फोडून बघितला मी! आत दुसरा न्हाईच, एकट्यानंच सगळा दाणा फस्त केलाय. लई ताजातवाना भुंगा हाय बघ!”

सगळी माणसं वाटीकडे आणि वाटीतला भुंगा आमच्या सगळ्यांकडे बघत होता. तोंडून कोणता शब्द गेला ते अण्णांच्या लक्षात आलं. मला वाटलं, संपलं. दुकानही आणि बीडही.

अण्णांनी घसा साफ केला. “पोरगी पाळती ह्यांला,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “बीडला परीक्षा हाय तिची, मोठी. दुकान वाढवून मी सोता घेऊन चाललोय.”

समोरच्या बाईनं हातातली मुगाची पुडी हळूच गल्ल्यापाशी ठेवली. “मंग मला हरभराच द्या,” ती म्हणाली.

“दे गं त्यांला हरभरा,” अण्णा मला म्हणाले, आणि बाकीच्या वाट्या बघायला परत आत पळाले.